इस्त्रीखाली काळा झालेला कागद

बाई,

तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. परवा ऑफिसात जेवणानंतर एक मेल आला, त्यानं हा राग पुन्हा वर काढला. मी बंगळूरात एका परदेशी कपड्याच्या दुकानाच्या ऑफिसात काम करते एवढं तुम्हाला माहीत होतं. काम नेमकं काय, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिकडची दुकानं कपडे मागवतात, तीन देशांतले कारखाने ते शिवतात आणि मध्ये मी बसलेली असते, पडद्यासमोर. कपडा माझ्या हातात येत नाही, फोटो येतो. काही चुकलं की मी कारखान्याला एक तक्ता पाठवते. त्यात दोन रकाने असतात: चूक कशामुळं झाली, आणि तुम्ही काय केलंत. परवा बाह्या आखूड कापल्या गेल्याचा मामला होता. पहिल्या रकान्यात लिहून आलं, कापणाऱ्या बाईची चूक. दुसऱ्यात आलं, तिला कामावरून काढलं. मी विचारल्यापासून चाळीस मिनिटांत उत्तर हजर. मला फक्त ‘मान्य’ लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवायचं होतं. दोन दिवस झाले, ठेवलेलं नाही, आणि वरचे साहेब विचारायला लागलेत की एवढ्याशा गोष्टीला उशीर कामून. साहेब इंग्रजीत विचारतात. कामून मी म्हणते, कारण चिडले की माझ्या तोंडात आपल्या सेलूची बोली येते, तीस वर्षं इथं काढली तरी.

तो रकाना जगात पहिल्यांदा कुणी भरला ते मला माहीत नाही. पण मी पाहिलेला पहिला तुम्ही भरला होता, आणि माझ्या हातानं भरला होता.

स्टेशनच्या रस्त्यावर, सरकी-रुईच्या गाड्या ज्या गल्लीतून जिनिंगकडं वळायच्या, त्या गल्लीच्या तोंडाला तुमचा शिवणक्लास होता, नावाला क्लास, पण बाया तिथं मजुरीवर ऑर्डरीही शिवायच्या. पत्र्याची लांब खोली, चौदा मशिनी, मधोमध कापायचं टेबल आणि खिडकीशी कोळशाची इस्त्री. उन्हाळ्यात सरकीची लव हवेत उडायची आणि ओल्या फडक्यानं दर तासाला टेबल पुसावं लागायचं. मी दहावी झाल्यावर आले. आमचं वाण्याचं घर, गळ्यात लिंग, वडलांचं किराणा दुकान. पोरीला शिवण आलं की बरं, एवढाच आईचा हिशेब. मला शिवण काही आलं नाही. माझी शिलाई बघून तुम्ही म्हणायच्या, “ही शिलाई हाय का सापाची वाट?” पण मला इंग्रजी येत होतं. सेलूत ज्याला इंग्रजी म्हणत तेवढं.

क्लासात सगळ्यात मोठा मान कापणाऱ्या मावशींचा होता. मावशी अठ्ठ्याहत्तर साली सेलूत आल्या. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या गावातलं त्यांचं घर जाळलं होतं. कडेवर लेक, पिशवीत एक जुनी कात्री, आणि कात्रीच्या मुठीला गुंडाळलेलं फडकं. ही गोष्ट मी लहान असतानाची, पण क्लासात ती सगळ्यांना पाठ होती. मावशींना पाणी भरायला लावलं तर आम्ही माठाला हात लावणार नाही, असं चार बायांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही जागेवरून उठलात. मावशींना म्हणालात, “जरा पाणी दे गं मला.” त्यांनी तांब्या भरून दिला. तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या राहून तो पुरा प्यायलात आणि मग म्हणालात, “ज्यांना तहान न्हाई त्यांनी घरी जा.” कुणी गेलं नाही. तुमच्या चांगुलपणाची ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आज ती मला तुमच्याविरुद्ध वापरायची आहे. ज्या बाईला एवढी हिंमत होती, तिच्याकडं पंधरा वर्षांनी ती उरली नाही, हे मला पटत नाही. बाकी कुणी तसं वागलं असतं तर मी विसरूनही गेले असते.

त्या हॉलंडच्या बाईची पत्रं आठवतात तुम्हाला? मुंबईच्या एका प्रदर्शनात तुमचे लेकरांचे झोपायचे सदरे तिनं उचलले. लांब, पातळ सुताचे, पट्ट्यांचे, मागं एक बटण. तिची लहान मुलांच्या कपड्यांची तीन दुकानं होती. त्यानंतर चार वर्षं निळ्या पातळ कागदावर तिची पत्रं येत राहिली. पत्र यायला अडीच-तीन आठवडे, आपलं जायला तेवढेच. तिचं अक्षर तिरपं होतं. आधी पाऊसपाणी विचारायची, मग सदऱ्यांचं. एकदा तिनं लिहिलं, की शिवणीवर पट्ट्याला पट्टा इतका बरोबर कोण जुळवतं, मला त्या हाताचं नाव सांगा. मी वाचून दाखवलं आणि मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तुम्ही फोटोवाल्याला बोलावलंत. मावशी टेबलाशी उभ्या, हातात ती फडक्याची कात्री, चेहरा असा की पोलिसात नेतायत. फोटो गेला. दोन महिन्यांनी पार्सल आलं, त्यात नवी कोरी पोलादी कात्री, आणि चिठ्ठी: ‘जी कापते तिच्यासाठी’. तुम्ही ती कात्री मावशींच्या हातात दिलीत आणि क्लासला अर्धा दिवस सुट्टी. मावशींनी त्या कात्रीनं पहिल्यांदा काय कापलं माहिताय? स्वतःच्या जुन्या कात्रीचं फडकं. जुन्या कात्रीला नवं फडकं बांधलं आणि ती पिशवीत ठेवून दिली.

आता माझं सांगते. माझी ती शिक्षा तुम्हाला आठवत असेल का, शंकाच आहे. मी सतरा वर्षांची. पोस्टातून पत्र आणायचं काम माझ्याकडं होतं. एकदा राहवलं नाही, वाटेतच पत्राची कड फाडली आणि चालता चालता वाचलं. नाही तरी क्लासात जाऊन मीच वाचणार होते ना? तुम्ही फाटलेली कड बघितलीत, आणि चौदा मशिनी बंद करायला लावल्यात. “पत्र माझ्या नावाचं हाय,” तुम्ही म्हणालात, “ते माझ्या हातात येईस्तोवर तुझ्या डोळ्यांनी बंद राहायचं. मी वाच म्हणेन तवा वाचायचं. कळलं?” मी म्हणाले, “पण बाई, वाचणार तर मीच…” तुम्ही मला खाली बसवलंत. आठ दिवस मी टेबलाखाली बसून जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या, आणि वरून मावशी अधूनमधून मुद्दाम एक टाचणी माझ्या समोर पाडायच्या, म्हणजे मला काहीतरी सापडलं असं वाटावं. त्या आठ दिवसांचा मला आजही राग येतो. तुमची शिस्त वगैरे ठीक होती, पण एका पोरीला तुम्ही जन्माची घाबरट करून ठेवलंत, बाई. हे मी उगीच आठवत नाही.

मग त्या बाईनं दुकानं विकली. कुठल्यातरी मोठ्या कंपनीनं घेतली. शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं की आता पुढचं ऑफिस बघेल, ती चांगली माणसं आहेत, आणि आता पत्रांची वाट बघायला लागणार नाही, फॅक्स नावाचं मशिन आहे. तुम्ही लय खूश झालात. सेलूत फॅक्स नव्हता. परभणीत स्टेशनजवळच्या एका एसटीडी बूथवाल्यानं नुकताच घेतला होता. त्याचा नंबर आपण कळवला आणि आठवड्यातून दोनदा मी सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला जाऊन कागद आणायला लागले. चकचकीत, गुळगुळीत कागद, रोलचा असल्यामुळं हातातून सोडला की पुन्हा गुंडाळून बसणारा. पहिला आला तेव्हा सगळ्या बाया तो हुंगून बघत होत्या. “काल तिकडं लिहिलं आन् आज आपल्या हातात?” मावशी म्हणाल्या, “मग त्यायला इचार करायला येळ कवा भेटतो?” सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. मला आता त्या हसण्याचीही चीड येते, कारण त्या खोलीत एवढा शहाणा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

खरंच त्यांना वेळ नव्हता. पत्राखाली नाव असायचं, फॅक्सखाली नाव-आडनावाची दोन अक्षरं. कधी एकाची, कधी दुसऱ्याची. पाऊसपाणी गेलं. ‘आजच कळवा.’ ‘उद्यापर्यंत उत्तर हवं.’ ‘कालच्या फॅक्सचं उत्तर का नाही?’ कालचा फॅक्स परभणीच्या बूथमध्ये पडलेला, आणि मी सेलूत बटणं लावायलेली. आपण पोस्टाच्या चालीनं चालणारी माणसं, आणि ते समजायले की आपण त्या मशिनच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलोय. मी तुम्हाला म्हणाले होते, त्यांना लिहू या का की बूथ दुसऱ्या गावात आहे? तुम्ही म्हणालात, “काही नको. हसतील.” तुमच्या या ‘हसतील’नं पुढं सगळा घात केला.

त्या दिवसावर येते. ते त्र्याण्णव साल असेल, थंडी संपत आलेली. मोठी ऑर्डर टेबलावर होती. आधीच्या फॅक्समध्ये आलं होतं की मागचं बटण काढून टाका, लहान मुलं तोडून गिळतात. बटण गेलं तर डोकं जायला गळा मोठा पाहिजे. किती मोठा, ते पुढच्या कागदात कळवतो. तो पुढचा कागद, फॅक्सनं आलेला मापाचा पहिलाच, मी दुपारच्या गाडीनं घेऊन आले. तुमच्या हातात दिला. तुम्ही टेबलावर पसरला, तो गुंडाळला. पुन्हा पसरला, पुन्हा गुंडाळला. आणि मग तुम्ही तेच केलंत जे तुमच्या टेबलावर येणाऱ्या मापाच्या प्रत्येक कागदाचं व्हायचं. तुमचा नियमच होता, कागदी नमुना असो की मापाची चिठ्ठी, आधी इस्त्री, मग टेबल. सुरकुतलेल्या कागदावरून माप घेतलं की सूतभर फरक पडतो, हे तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायच्या. तुम्ही कागद खिडकीशी नेलात, न वाचता, कारण वाचायचं मी, तुम्ही म्हणाल तेव्हा. आणि कोळशाची इस्त्री त्याच्यावरून फिरवलीत.

इस्त्री उचलली तर खाली कागद काळाकुट्ट. जळला नव्हता. धूर नाही, वास नाही. नुसता काळा, तव्याच्या पाठीसारखा. तो कागद उष्णतेनं काळा होणाराच असतो, त्या मशिनमध्ये अक्षरंही तशीच उमटतात, हे मला पुढं इथं आल्यावर कळलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, काहीतरी चेटूक झालं. तुम्ही तो उजेडात धरलात, तिरपा धरलात, ओलं फडकं लावलंत. मग माझ्याकडं वळून अगदी हळू विचारलंत, “वाटेत वाचलंस का गं?”

मी म्हणाले, “न्हाई बाई.”

“बरं,” तुम्ही म्हणालात, आणि कागदाची घडी करून इस्त्रीच्या कोळशात घातलीत.

मावशी टेबलापलीकडून म्हणाल्या, “बाई, पुन्ना इचारा. दोन दिस गेले तर जाऊ द्या.” तुम्ही म्हणालात, “काय विचारू? की आमी तुमच्या कागदाला इस्त्री केली? हसतील. म्हणतील, कुठल्या खेड्यात काम दिलं आपण.” मग तुम्हाला सुचलं, आणि ते सुचणं इतकं तुमचं होतं की मला रागातसुद्धा तुमचं कौतुक वाटतं. गल्लीतली, बायांची, चार-पाच वर्षांची लेकरं तुम्ही गोळा केलीत. नऊ लेकरं. प्रत्येकाला एक बत्तासा, आणि टेप घेऊन एकेकाचं डोकं मापलंत, कपाळावरून, कानावरून, मागून. सगळ्यात मोठं डोकं एक्कावन्न सेंटीमीटर निघालं. तुम्ही एक वाढवलात आणि खडूनं नमुन्यावर बावन्नची रेघ मारलीत. मावशी पुन्हा म्हणाल्या, “त्यांची लेकरं आपल्या लेकरांपेक्षा थोराड असतील बाई. दुधातुपाची.” तुम्ही म्हणालात, “डोकं ते डोकं.” मावशींनी तुमच्या रेघेवरून कात्री चालवली. रेघेच्या आत नाही, बाहेर नाही. चार दिवस कापत होत्या.

सदरे समुद्रानं गेले. ज्या दिवशी तिकडं पेट्या उघडल्या त्याच दिवशी फॅक्स आला. गळा छप्पन्न सांगितला होता, बावन्न आलाय, आमच्या मुलांची डोकी जात नाहीत. चूक कुणाची आणि तुम्ही काय केलंत, उद्यापर्यंत कळवा. त्यावर पुढच्या ऑर्डरीचं ठरवू. छप्पन्न. तुम्ही तो आकडा दोनदा मोठ्यानं म्हणालात. मग खोलीत नजर फिरवलीत. चौदा मशिनी थांबलेल्या. ज्यांच्या लेकरांची डोकी मापली होती त्या सगळ्या बाया तिथंच बसल्या होत्या, आणि सगळ्या सुईत दोरा ओवायला लागल्या. कुणाच्याच सुईतून दोरा सुटलेला नव्हता.

“कुणाचं तरी नाव द्यावं लागंल,” तुम्ही म्हणालात. “न्हाईतर चौदा घरांचं काम जाईल.”

माझं म्हणणं आहे की तुमचं नाव द्यायचं होतं. क्लास तुमचा, इस्त्री तुमची, रेघ तुमची. त्या कंपनीला नाव म्हणजे काय कळत होतं? त्यांनी आपल्यातलं कुणी पाहिलेलं नव्हतं. ‘क्लासच्या बाईंची चूक, पुन्हा होणार नाही,’ एवढं लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पण तुम्ही मावशींकडं बघितलंत. बाकीच्या चौदा जणींपैकी कुणाला काढलं असतं तर तिचा नवरा, भाऊ, सासरा तुमच्या दारात येऊन उभा राहिला असता. मावशींच्या मागं कुणी येणार नव्हतं, आणि त्यांच्या वस्तीतनं कुणी आलंच असतं तर त्यालाच लोकांनी विचारलं असतं की तू इकडं कसा. तुम्ही हे मोजलंत. टेप न लावता मोजलंत. ज्या बाईनं तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं, तिनंच हे मोजलं. यासाठी मी तुम्हाला माफ करत नाही.

मसुदा तुम्ही मराठीत सांगितलात, मी इंग्रजीत उतरवला. चूक आमच्या कापणाऱ्या बाईची आहे. तिला कामावरून काढलं आहे. माझं अक्षर तुम्हाला आवडायचं, म्हणून मीच तो साफ लिहून काढला. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं परभणीला गेले. बूथवाल्यानं कागद मशिनमध्ये सरकवला, तो घरघरत आत ओढला गेला आणि खालून पुन्हा बाहेर आला, जसाच्या तसा, जणू काही झालंच नाही. मी बूथवाल्याला विचारलं, “गेला?” तो म्हणाला, “कवाचा. पोचला बी.” मी चहा प्यायले. चहा संपायच्या आत मशिन वाजलं आणि उत्तर आलं. दोन ओळी. तुम्ही तातडीनं पावलं उचलल्याबद्दल आभारी आहोत. खाली दोन अक्षरं.

या तातडीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पत्रांचे दिवस असते तर मी तो मसुदा घेऊन पोस्टात गेले असते आणि पेटीपाशी तुम्ही मला गाठलं असतंत. हे मी मनाचं सांगत नाही. दोनदा तसं झालं होतं. रागात लिहिलेली पत्रं तुम्ही पोस्टाच्या पेटीपासून परत आणवून फाडली होतीत. तुमचा राग आणि तुमची भीती, दोन्ही दीड दिवसाच्या वर टिकत नव्हती. पत्र पोचायला तीन आठवडे लागायचे, तेवढ्यात माणूस जागेवर येतो. आणि त्या पहिल्या बाईला पत्र गेलं असतं तर तिनं मावशींचा फोटो काढून बघितला असता आणि विचारलं असतं, ‘पट्ट्याला पट्टा जुळवणारी? तीच?’ ती दोन अक्षरं काय विचारणार? त्यांना रकाना भरलेला पाहिजे होता, तो भरला. मी संध्याकाळी परत आले तेव्हा तुम्ही दारातच उभ्या होतात. म्हणालात, “राहू दे, पाठवू नको.” मी म्हणाले, “बाई, गेला. उत्तर बी आलं.” तुम्ही खाली बसलात. त्या वेळी मला तुमची दया आली होती. आता येत नाही. मावशी अजून कामावरच होत्या ना? टेबलाशी उभ्या होत्या. तिकडं काही का कळवलं असेना, तुम्ही त्यांना ठेवून घेऊ शकला असतात. पण कंपनीचा माणूस कधी बघायला आला तर, असं म्हणालात. कधीच कुणी आलं नाही.

मावशींनी भांडण केलं नाही. पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “रेघ कुणाची व्हती, बाई?” तुम्ही म्हणालात, “माझी.” एवढं खरं तुम्ही बोललात, ते नोंदवते. मावशी म्हणाल्या, “मग तुमाला ठावं हाय. माझं काही म्हननं न्हाई.” पोलादी कात्री त्यांनी टेबलावर ठेवली, पाती मिटून. “ही कापनारीला आलेली. जी कापंल तिला द्या.” जुनी, फडक्याची, पिशवीत होतीच. माझ्यापाशी थांबल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू कामून रडायलीस? तुजा काय कसूर?”

पुढं त्या कंपनीची एकच ऑर्डर आली. मग फॅक्स बंदच झाले. जसे त्यांना आपण सापडलो तसे आणखी दहा सापडले असतील, एकाच सकाळी दहाही जणांना विचारून टाकायचं. मावशींना काढून चौदा घरांचं काम वाचवायचं होतं, ते वर्षभरसुद्धा वाचलं नाही. विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीत मावशींच्या वस्तीत पेढे वाटले. मावशींची लेक क्लासातही पेढे घेऊन आली आणि तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, पण तिच्या आईचं काही विचारलं नाहीत. मी बंगळूरला निघाले तेव्हा तुम्ही ती पोलादी कात्री माझ्या पिशवीत घातलीत. म्हणालात, “तू कापणारी न्हाईस. पण ठेव. मला इथं नको.” तुम्ही ती माझ्याकडं ढकललीत, भेट दिली म्हणून मी मानत नाही. तीस वर्षं ती माझ्या कपाटात आहे, दर दिवाळीला तेलाचा हात लावते, आणि तिच्यानं साधा दोरासुद्धा मी तोडलेला नाही.

मावशी आहेत अजून. ऐंशीच्या पुढं गेल्यात, परभणीत लेकीकडं असतात. लेक नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली, माझा नंबर घेतला, तेव्हापासून रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवते. मागं एकदा तिनं लिहिलं, ‘आई विचारतीय, टाचण्या वेचणारी पोरगी बरी हाय का.’ मी उत्तरात हसरा चेहरा पाठवला. एक सेकंद लागतो पाठवायला.

हे सगळं तुम्हाला लिहून झालं, आणि लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी तुम्हालाच का लिहायलेय. तुम्ही आता वाचणार नाही म्हणून. तुमच्याशी भांडण सोपं आहे. मी या पत्रात एक ठिकाण भरभर ओलांडलं, ते तुम्ही असतात तर तुमच्या लगेच ध्यानात आलं असतं. माझी शिलाई कुठं सुटली ते तुम्हाला लांबूनही दिसायचं. त्या दुपारी परभणीहून कागद घेऊन परतताना मानवत रोड स्टेशनात गाडी लय वेळ उभी होती. डब्यात उकडत होतं. कागदाची गुंडाळी माझ्या मांडीवर होती. मी ती उलगडली होती, बाई. दोनच ओळी होत्या, आणि आकडा आकड्यात नाही, अक्षरात लिहिलेला होता, छप्पन्न. तुम्ही ‘वाचलंस का गं’ विचारलंत तेव्हा तो माझ्या जिभेवर होता. आणि मला कळलंही होतं की या वेळी तुम्हाला ‘हो’ ऐकायचंय, तुमच्या आवाजातच होतं ते. तरी मी नाही म्हणाले. त्या आठ दिवसांच्या टाचण्यांमुळं म्हणाले, असं मी स्वतःला सांगत आलेय. पण नंतर चार दिवस मावशी कापत होत्या आणि मी त्याच टेबलाशी उभी राहून पट्टे मोजत होते. चार दिवसांत कधीही बोलता आलं असतं. आणि पुढं तो फॅक्स साफ अक्षरात लिहिताना तर मला चूक कुणाची ते तुमच्यापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

कारखान्याच्या त्या तक्त्यात आज मी ‘मान्य’ केलं नाही. रेघ कुणी मारली होती, एवढं विचारलंय. त्यानंतर मावशींच्या लेकीचं नाव फोनवर उघडलं. ‘मावशींना सांग, छप्पन्न मला माहीत होतं’ असं लिहिलं. पुसलं. आता फक्त ‘मावशींना सांग’ एवढं उरलंय, आणि ते अजून पाठवलेलं नाही.